एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप चोरीला गेला तर ट्रॅकिंग कितपत कामी येतं? तयारीपासून मुद्देमाल हाती येईपर्यंत

लॅपटॉप चोरीला गेला की लोक सर्वात आधी विचारतात, "लोकेशन कसं बघू?" मी त्यांना उलट विचारतो, "तुमचा लॅपटॉप पासवर्ड कधी मागतो? विंडोज किंवा लिनक्स उघडण्याआधी, की उघडल्यावर?" बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही. चूक इथेच सुरू होते, चोरीच्या कितीतरी आधी.

ट्रॅकिंगची सोय म्हणजे डिस्कवर बसलेला एक प्रोग्राम. लॅपटॉप सुरू झाला, ऑपरेटिंग सिस्टिम उठली आणि इंटरनेट मिळालं, तरच तो ठावठिकाणा कळवतो. आता पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद) असेल आणि पासवर्ड सुरुवातीलाच विचारला जात असेल, तर तो प्रोग्रामही तुमच्या फायलींसोबत त्याच कुलपाआड अडकलेला असतो. चोराला फायली दिसत नाहीत आणि तुम्हाला चोर दिसत नाही.

म्हणून ट्रॅकिंगवर विसंबून राहू नका, पण ट्रॅकिंग चालावं म्हणून एन्क्रिप्शनही काढू नका. लॅपटॉप पैसे देऊन पुन्हा घेता येतो. त्यातला आधार, पॅन, बँकेचे कागद, घरचे फोटो आणि ऑफिसच्या फायली एकदा बाहेर गेल्या की त्या परत आणता येत नाहीत. एन्क्रिप्शन तसंच ठेवून शोधाची शक्यता जेवढी वाढवता येईल तेवढी कशी वाढवायची, हे पुढे क्रमाने दिलं आहे. पहिले पाच टप्पे लॅपटॉप हातात असतानाच करायचे आहेत.

## टप्पा 1: तुमचा लॅपटॉप कुठे अडतो ते बघा

लॅपटॉप पूर्ण बंद करा. झाकण मिटून झोपवू नका, शट डाउन करा. मग सुरू करा आणि कीबोर्डला हात न लावता बघत राहा.

विंडोजचं घड्याळ आणि तुमच्या नावाची लॉगिन स्क्रीन आली: डिस्क एन्क्रिप्ट असली तरी तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपने दिली आणि विंडोज उठलं. विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीची नेहमीची पद्धत हीच. 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खातं वापरून नव्याने सेट केलेल्या बहुतेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. त्यामुळे तुमची डिस्क तुमच्या नकळत आधीच एन्क्रिप्ट झालेली असू शकते. अशा लॅपटॉपवर ट्रॅकिंगला थोडी जागा आहे.

निळ्या पडद्यावर बिटलॉकरचा पिन, किंवा काळ्या पडद्यावर एलयूकेएसचा (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनचा) पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, मागितला: सिस्टिम अजून उठलेलीच नाही. लॅपटॉप बंद अवस्थेत चोरीला गेला, तर आतला कोणताही ट्रॅकर बोलणार नाही.

मॅक, फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू: स्क्रीन लॉगिनसारखीच दिसते, पण तुमचा डेटा अजून कुलपातच असतो. मॅकची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती तिसऱ्या टप्प्यात येईल.

> तपासा: लॉगिन न करता लॅपटॉप वायफायला जोडला जातो का? लॅपटॉपला ओळखीचा असलेला फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप नव्याने सुरू करून लॉगिन स्क्रीनवर सोडा आणि फोनवर जोडलेल्या उपकरणांचा आकडा बघा. आकडा शून्यच राहिला, तर तुमचा ट्रॅकर लॉगिनआधी मुका आहे. लिनक्सवर यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: वायफायचा पासवर्ड फक्त तुमच्या वापरकर्त्यापुरता साठवलेला असतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तो सर्व वापरकर्त्यांसाठी खुला करा.

इथे एक अडचण उरतेच. चोराच्या घरचं वायफाय तुमच्या लॅपटॉपच्या ओळखीचं नसतं. काही जण सुचवतात की रेल्वे स्टेशनचं फुकट वायफाय साठवून ठेवा, लॅपटॉप तिथे आपोआप जोडला जाईल. जोडला जाईलही, पण ब्राउझरमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकल्याशिवाय त्यातून इंटरनेट मिळत नाही, त्यामुळे ट्रॅकरचा निरोप बाहेर पडत नाही. विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर नेटवर्कचं चिन्ह असतं आणि तिथून चोर स्वतःचं वायफाय जोडू शकतो. त्याला तसं सुचलं तर तुमचं नशीब.

## टप्पा 2: आधी ठरवा, मग सेटिंगला हात लावा

दोन्ही गोष्टी पूर्ण मिळणार नाहीत, तेव्हा कोणती किती हवी ते ठरवा.

घरगुती वापराचा विंडोज लॅपटॉप असेल, तर टीपीएमवर चालणारं बिटलॉकर आणि त्यासोबत फाइंड माय डिव्हाइस (विंडोजची लॅपटॉप शोधण्याची सोय) ही जोडी पुरेशी आहे. वकील, डॉक्टर, पत्रकार, सीए अशा, दुसऱ्यांची गुपितं सांभाळणाऱ्या लोकांनी मात्र सुरुवातीचा पिन किंवा पासफ्रेज ठेवलाच पाहिजे. आतल्या ट्रॅकरची आशा त्यांनी सोडावी आणि चौथ्या टप्प्यातला उपाय करावा.

चोराला भुलवायला एन्क्रिप्ट न केलेली छोटी दुसरी सिस्टिम ठेवायची आणि तिच्यात ट्रॅकर बसवायचा, असाही एक मार्ग सांगितला जातो. तो चालू शकतो, पण मी तो कुणाला सुचवत नाही. ती दुसरी सिस्टिम कायम अपडेट करत बसावं लागतं. आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर पोहोचला, तर तो पेनड्राइव्ह लावून नवं विंडोज टाकतो किंवा डिस्कच बदलतो. मग आतलं सगळं जातं आणि त्यासोबत ट्रॅकरही.

याला एकच खरा अपवाद आहे. डेल, एचपी, लेनोवो यांच्या बऱ्याच मॉडेलांच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) अ‍ॅब्सोल्यूट कंपनीचा, पूर्वी कॉम्प्युट्रेस नावाने ओळखला जाणारा भाग कारखान्यातूनच येतो. डिस्क बदलून नवं विंडोज टाकलं आणि ते इंटरनेटवर आलं, की हा भाग आपला प्रोग्राम पुन्हा बसवून घेतो. पण ही सेवा चोरीआधी विकत घेऊन चालू केलेली असली तरच, आणि लॅपटॉपवर विंडोज चाललं तरच. हा पर्याय मुख्यतः कंपन्या वापरतात. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर आयटी विभागाला आजच विचारून ठेवा.

> इशारा: बायोसमध्ये दोन प्रकारचे पासवर्ड असतात. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड जरूर लावा. लॅपटॉप सुरू होतानाच अडवणारा पासवर्ड लावला, तर टीपीएमवाल्या विंडोजचाही ट्रॅकर मुका होतो. अनेक जण सुरक्षितता म्हणून दोन्ही लावतात आणि मग लोकेशन का येत नाही म्हणून विचारत राहतात.

## टप्पा 3: सिस्टिमनुसार सोय चालू करा

विंडोज. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रशासक म्हणून लॉगिन हवं. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर फाइंड माय डिव्हाइस चालत नाही. सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या भागात लोकेशन चालू करा, मग फाइंड माय डिव्हाइस चालू करा. लगेच दुसऱ्या यंत्रावरून खात्याच्या उपकरणांच्या पानावर जाऊन लॅपटॉप नकाशावर दिसतो का ते बघा. त्याच पानावर बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडण्याची पर्यायी किल्ली, सापडते. ती कागदावर उतरवा. या सोयीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा: तुम्ही शोध घेता तेव्हा लॅपटॉपवर तशी सूचना दिसते, आणि दूरवरून डिस्क पुसण्याचा पर्याय इथे नाही, फक्त लॉक करता येतं.

मॅक. फाइंड माय (मॅकची शोधाची सोय), त्यातलं फाइंड माय नेटवर्क आणि फाइलव्हॉल्ट, तिन्ही चालू ठेवा. या नेटवर्कमुळे मॅकला स्वतःचं इंटरनेट नसलं तरी जवळून जाणारा एखादा आयफोन त्याचा ब्लूटूथ संकेत पकडून ठिकाण कळवू शकतो. टी2 चिपच्या किंवा अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर, खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय वेगळा कोड मागणारी सुरक्षा) असेल तर, फाइंड मायसोबत अ‍ॅक्टिव्हेशन लॉकही लागतं. मग डिस्क पुसली तरी तुमच्या खात्याशिवाय मॅक नव्याने सुरू करता येत नाही. अतिथी वापरकर्ताही चालू ठेवा. फाइलव्हॉल्ट असताना अतिथीला फक्त सफारी उघडता येतं, तुमच्या फायली कुलपातच राहतात, आणि चोराने त्यासाठी वायफाय जोडलं तर मॅक स्वतःचा ठिकाणा कळवू शकतो. एन्क्रिप्शन आणि ट्रॅकिंग यांचा इतका चांगला मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लिनक्स. यात अंगभूत सोय नाही. प्रे नावाचा प्रोग्राम बसवता येतो, पण एलयूकेएसचा पासफ्रेज टाकल्याशिवाय तो सुरूच होत नाही. म्हणजे लॅपटॉप चालू किंवा झोपलेल्या अवस्थेत चोरीला गेला तरच त्याचा उपयोग. आणि झोपलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत डिस्कची किल्ली जिवंत असते. ट्रॅकर चालावा म्हणून मुद्दाम लॅपटॉप झोपवून बॅगेत टाकण्याचा सल्ला मिळाला, तर तो मानू नका. प्रवासाला निघताना पूर्ण बंद करा.

## टप्पा 4: डिस्कवर अवलंबून नसलेली खूण

एन्क्रिप्शनला हात न लावता शोधाची शक्यता सर्वात जास्त वाढवणारी गोष्ट लॅपटॉपच्या बाहेर आहे: ब्लूटूथ टॅग, म्हणजे जवळच्या फोनांमार्फत आपलं ठिकाण कळवणारी छोटी वस्तू. आयफोन असेल तर एअरटॅग. अँड्रॉइड असेल तर गुगलच्या फाइंड हबवर चालणारा टॅग. लॅपटॉप बंद असो, कुलूपबंद असो की डिस्क काढलेली असो, टॅगला त्याने फरक पडत नाही.

एअरटॅग सुमारे 32 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर जाड असतो, तो लॅपटॉपच्या आत बसत नाही. बॅगेच्या वरच्या खिशात ठेवू नका, चोराचा हात आधी तिथेच जातो. अस्तराची शिवण थोडी उसवा, टॅग आत सरकवा आणि पुन्हा शिवून टाका. कार्डासारखे पातळ टॅगही मिळतात, ते लॅपटॉपच्या कव्हरच्या अस्तरात बसतात. चोराने बॅग फेकली तरी कव्हरसकट लॅपटॉप नेण्याची शक्यता बरी असते, म्हणून जमलं तर दोन्हीकडे ठेवा.

> तपासा: गुगलच्या टॅगला मूळ सेटिंगमध्ये गर्दीच्या ठिकाणीच नेटवर्कची मदत मिळते. तुमचा प्रवास आडवाटेचा असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये सर्व ठिकाणांचा पर्याय निवडा. टॅगची नाण्याएवढी बॅटरी कधी बदलली त्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

चोराला टॅगचा पत्ता लागणार, हे धरूनच चला. अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर येते, आणि मालकापासून बराच वेळ दूर राहिलेला एअरटॅग स्वतःहून वाजतो. ही सोय लोकांचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की टॅगचे पहिले काही तास सर्वात मोलाचे.

## टप्पा 5: कागद तयार ठेवा, पण त्याच बॅगेत नको

पोलीस तपासात लॅपटॉपची ओळख पटते ती सीरियल नंबरवरून. नकाशावरचा ठिपका फक्त जागा दाखवतो. ही माहिती घरी कागदावर आणि फोनवर, दोन्हीकडे ठेवा:

- सीरियल नंबर (खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी आणि बिलावरही असतो)
- सीरियल नंबर स्पष्ट दिसणारं खरेदीचं बिल
- वायफायचा मॅक अ‍ॅड्रेस (वायफाय यंत्राचा ओळख क्रमांक; मॅक लॅपटॉपशी याचा संबंध नाही)
- लॅपटॉपचे फोटो: ओरखडे, स्टिकर, तुटलेली कड
- रिकव्हरी की आणि खात्यांचे बॅकअप कोड

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीची बॅग रात्रीच्या बसमधून गेली, आत लॅपटॉपही होता आणि फोनही. लोकेशन बघायला दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन केलं तर ओटीपी चोरीला गेलेल्या फोनवर. नवं सिमकार्ड मिळेपर्यंत दीड दिवस गेला. गुगलचे बॅकअप कोड छापून घरी ठेवले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं. अ‍ॅपलच्या वेबसाइटवरचं फाइंड माय तेवढ्यापुरतं टू-फॅक्टरचा कोड न मागता उघडतं, पण त्यालाही पासवर्ड तोंडपाठ हवा.

## टप्पा 6: चोरीनंतरचा पहिला तास

घाईत क्रम उलटा होतो आणि हातातला पुरावा जातो. क्रम असा ठेवा.

1. टॅगचं किंवा लॅपटॉपचं लोकेशन उघडा. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ठिकाण बदललं की पुन्हा घ्या.
2. विंडोज लॉक करा, मॅक हरवल्याची नोंद करा. पडद्यावर संपर्कासाठी घरच्या दुसऱ्या कुणाचा नंबर द्या.
3. ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपवरचं ब्राउझरचं लॉगिन दूरवरून बंद करा.
4. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर लगेच आयटी विभागाला कळवा.

तिसऱ्या पायरीवर पुष्कळ जण एक पाऊल पुढे जातात आणि लॅपटॉपच खात्यातून काढून टाकतात. हे कधीही करू नका. खात्यातून काढला की शोध संपतो, आणि मॅकचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉकही सुटतं. चोराला जे हवं ते आपण आपल्या हाताने दिलेलं असतं.

डिस्क दूरवरून पुसण्याचीही घाई नको. पुसली की ट्रॅकरही जातो. लॅपटॉप पूर्ण बंद असताना चोरीला गेला असेल आणि पासवर्ड मजबूत असेल, तर एन्क्रिप्शनने काम आधीच केलेलं आहे. तो चालू किंवा झोपलेला असताना गेला असेल, तर धोका खरा आहे: सगळे पासवर्ड बदला, आणि डेटा नाजूक असेल तर शोधाची आशा सोडून, सोय असेल तिथे पुसण्याचा आदेश द्या (विंडोजच्या फाइंड माय डिव्हाइसमध्ये ती नाही).

> इशारा: ठिपक्याच्या मागे स्वतः जाऊ नका. वायफायवरून काढलेलं ठिकाण शेजारच्या इमारतीतलंही असू शकतं, आणि दहा मजल्यांच्या इमारतीत ठिपका मजला सांगत नाही. चुकीचं दार वाजवलं तर त्रास निरपराध माणसाला, आणि बरोबर वाजवलं तर जीव तुमचा धोक्यात. ठिकाण हलताना दिसत असेल तर 112 वर कळवा.

## टप्पा 7: पोलीस ठाण्यात

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे चोरीला "गहाळ" म्हणणं. ऑनलाइन गहाळ वस्तूची नोंद पटकन होते, पावती मिळते आणि माणूस निर्धास्त होतो. ती पावती म्हणजे एफआयआर नव्हे. तिच्यावर चोरीचा तपास होत नाही, आणि विमा कंपनी दावा मंजूर करताना एफआयआर मागते. लॅपटॉप कुणी नेला असेल, तर फिर्यादीत "चोरी" हाच शब्द लिहा.

1 जुलै 2024 पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली येतो. घरातून किंवा प्रवासाच्या वाहनातून झालेल्या चोरीला कलम 305, आणि हिसकावून नेण्याला कलम 304. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार चोरी कोणत्याही हद्दीत झाली असली तरी फिर्याद देता येते. "आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळालं, तर शांतपणे झिरो एफआयआरची (कोणत्याही ठाण्यात नोंदवून मग योग्य हद्दीत पाठवल्या जाणाऱ्या एफआयआरची) विनंती करा. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली असेल, तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद घ्यायलाच नकार मिळाला, तर त्याच कलमानुसार पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. रेल्वेतली चोरी असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा, गाडीत असताना 139 वर कळवा.

फिर्यादीत सीरियल नंबर, मॅक अ‍ॅड्रेस आणि टॅगचा उल्लेख लिहून घ्या. स्क्रीनशॉट छापून न्या. पोलीस अधिकाऱ्यासमोर फोन धरून "हे बघा इथे आहे" म्हणण्यापेक्षा वेळेसह छापलेली तीन पानं जास्त उपयोगी पडतात.

ट्रॅकरने इंटरनेट जोडणीचा क्रमांक, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस दिला असेल, तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. वेबसाइटवर तो टाकून जे शहर दिसतं ते चोराचं घर नव्हे. भारतात मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामागचा ग्राहक फक्त इंटरनेट कंपनी सांगू शकते, तेही पोलिसांनी मागितल्यावर. त्यासाठी सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि एकाच आयपीवरच्या ग्राहकांना वेगळं ओळखू देणारा पोर्ट नंबर मिळाला तर तोही. ट्रॅकरची वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि दोन्ही वेळा लिहा. हा फरक राहून गेला तर भलत्याच ग्राहकाचं नाव निघतं.

> तपासा: संचार साथी या सरकारी पोर्टलवरची सीईआयआर सोय मोबाइल फोनसाठी, आयएमईआय नंबरवर चालते. फोनही गेला असेल तर फोनसाठी ती जरूर वापरा, पण त्यावर लॅपटॉप शोधता येत नाही. 1930 हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. खात्यातून पैसे गेले तरच तिथे फोन करा.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. हॉटेल, सोसायटी किंवा बस थांब्याजवळच्या दुकानदाराला त्याच दिवशी लेखी विनंती करा की चित्रण जपून ठेवा. पोलीस नंतर रीतसर मागतील.

## टप्पा 8: वाट बघण्याचे दिवस

काही दिवसांनी मेसेज येऊ शकतो: "तुमचं हरवलेलं उपकरण सापडलं आहे, ठिकाण बघण्यासाठी इथे क्लिक करा." मॅक गेला असेल तर अशा मेसेजची वाटच बघत असल्यासारखे सावध राहा. पडद्यावर दिलेल्या नंबरवरच तो येतो, आणि लिंकमागचं खोटं पान तुमचा पासवर्ड मागतं, कारण अ‍ॅक्टिव्हेशन लॉक उघडायला चोराला तोच हवा असतो. घरच्या ज्यांचा नंबर दिला आहे, त्यांना हे आजच सांगून ठेवा.

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात तुमच्यासारखा लॅपटॉप दिसला, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट तपास अधिकाऱ्याकडे द्या. स्वतः गिऱ्हाईक बनून भेट ठरवू नका.

## टप्पा 9: लॅपटॉप सापडला तर

सापडलेला लॅपटॉप लगेच हातात मिळत नाही. तो मुद्देमाल असतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (अटी पाळण्याच्या हमीपत्रावर) ताब्यात घ्यावा लागतो. अर्जासोबत बिल आणि सीरियल नंबर लागतो, म्हणजे पाचव्या टप्प्यातली तयारी इथे पुन्हा उपयोगी पडते. विकायचा नाही, स्वरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायचा, अशा अटी सहसा असतात. डिस्क बदलण्याआधी किंवा पुसण्याआधी तुमच्या आदेशातल्या अटी वाचा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

आनंदाच्या भरात जुना पासवर्ड मात्र टाकू नका. लॅपटॉप परक्या हातात राहून आला आहे. एलयूकेएसच्या बहुतेक लॅपटॉपवर सिस्टिम सुरू करणारा छोटा भाग एन्क्रिप्ट नसतो, आणि तिथे पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्राम बसवता येतो. अटी परवानगी देत असतील तर दुसऱ्या यंत्रावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, बायोस नव्याने बसवा, डिस्क पूर्ण पुसून सिस्टिम पहिल्यापासून टाका आणि फायली बॅकअपमधून आणा. बॅकअप नसेल आणि डिस्क काढता येत असेल, तर ती बाहेर काढून विश्वासाच्या दुसऱ्या संगणकाला जोडा, तिथे पासफ्रेज किंवा बिटलॉकरची रिकव्हरी की टाकून फक्त कागदपत्रं आणि फोटो उतरवून घ्या, आणि त्यानंतरच ती पुसा.